भूत नाही, मग रडते कोण?

दिवाळीची अमावास्या ही आपण भीतीची मानत नाही. एरव्ही अमावास्या म्हटली की दारावर लिंबू-मिरची लटकते, लेकरांना तिन्हीसांजेनंतर वेशीबाहेर सोडत नाहीत, आणि नवी खरेदी दोन दिवस पुढे ढकलली जाते. पण आश्विनातली अमावास्या आली की त्याच अंधाराला आपण लक्ष्मीपूजनाचा मुहूर्त म्हणतो. त्याआधी धनत्रयोदशीला दक्षिणेकडे वात करून यमासाठी दिवा लावतो, आणि चतुर्दशीला पायाखाली कारीट चिरडून मगच फराळाला बसतो. मरणाची आठवण या सणात अशी हळूच येऊन बसलेली असते. म्हणून दिवाळी अंकात भुताची गोष्ट असावी याचे मला कधी नवल वाटले नाही. चकली हातात धरून नारायण धारपांची किंवा रत्नाकर मतकरींची एखादी गूढकथा वाचली, आणि त्या रात्री मोरीपर्यंत जायला सोबत मागितली, असे घडले नाही असे घर मराठी मुलखात विरळा.

मी शाळेत शिकवतो आणि कादंबऱ्या लिहितो. पहिल्या धंद्यात भूत नाही असे सांगावे लागते, दुसऱ्यात ते आहे असे भासवावे लागते. त्यामुळे “गुरुजी, भुते असतात का हो?” हा प्रश्न मला जरा अधिकच टोचतो. “नसतात” हे उत्तर मी बेधडक देतो, आणि ते खरे आहे याविषयी माझ्या मनात शंका नाही. तथापि इतकी वर्षे ते देत आल्यावर मला असे वाटू लागले आहे, की हे उत्तर खरे असले तरी अर्धे आहे. उरलेले अर्धे कोणते, याचा विचार आज वाचकांबरोबर करावा म्हणतो.

आपल्याकडच्या भुतांची मोजदाद पूर्वी झालेली आहे, आणि गंमत अशी, की ती पुष्कळशी शाळामास्तरांच्या हातून झाली. आर. ई. एन्थोवेन यांनी कोकणातल्या लोकसमजुतींची टिपणे १९१५ साली प्रसिद्ध केली. मूळ सामग्री ए. एम. टी. जॅक्सन यांनी जमवलेली होती. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगाच्या वेळी अनंत कान्हेरे यांनी ज्यांच्यावर गोळ्या झाडल्या, तेच हे कलेक्टर जॅक्सन. त्या टिपणांच्या तळाशी माहिती देणाऱ्याचा उल्लेख येतो: अमक्या गावचा शाळामास्तर, तमक्या गावचा शाळामास्तर. पोरांना पाढे शिकवून झाल्यावर या मास्तरांनी गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारून भुते लिहून काढली. आमच्या धंद्यातला हा जुना वारसा मला फार मोलाचा वाटतो.

त्या मास्तरांनी काय लिहिले? बाळंतपणात किंवा त्यानंतरच्या दहा दिवसांत गेलेली बाई हडळ होते. मुंज झाली पण लग्न होण्याआधी गेला, तो मुलगा मुंजा होऊन पिंपळावर बसतो. विधवा मेली तर लावसट, पाण्यात बुडून मेला तो गिऱ्हा, धनात किंवा वारसात जीव गुंतून राहिला तो समंध. गावागणिक नावे बदलतात, नियमही थोडे बदलतात. पण ही यादी एकदा शांतपणे वाचून पाहा. नातवंडे-पतवंडे पाहून, सगळ्यांच्या देखत, अंथरुणावर गेलेल्या म्हाताऱ्याचे भूत या यादीत सहसा सापडत नाही. ज्याचे काही राहून गेले, ज्याच्यावर काही अन्याय झाला, जे मरण अवेळी आले, त्याचेच भूत होते. भुतांची यादी म्हणजे गावाने न फेडलेल्या देण्यांची वहीच जणू. सुइणीच्या हातून गेलेली पोर, केशवपन करून माजघरात कोंडलेली बाई, यांची नावे गावाच्या दुसऱ्या कुठल्या दप्तरात नाहीत; ती या वहीत आहेत.

आता याच नियमाने पाहायचे, तर आमच्या शिरूर तालुक्यातल्या भीमेकाठच्या वढू बुद्रुक गावाएवढी भुताला योग्य जागा महाराष्ट्रात दुसरी नसावी. ११ मार्च १६८९ रोजी, फाल्गुनातल्या अमावास्येला, छत्रपती संभाजी महाराजांचा औरंगजेबाने हालहाल करून वध केला. वयाची बत्तीस वर्षेही पुरी झाली नव्हती. अवेळी मरण, क्रूर मरण, आणि तेही अमावास्येला. देवऋष्याच्या पोथीतली सारी कलमे इथे लागू पडतात. पण वढूत त्यांचे भूत कोणी पाहिल्याचे माझ्या कानावर कधी आले नाही. तिथे समाधी आहे, शेजारी कवी कलशांचीही आहे. फाल्गुनातल्या त्याच अमावास्येला, जिला एरव्ही लोक घराबाहेर पडत नाहीत, हजारो माणसे तिथे माथा टेकायला येतात. देहावर अंत्यसंस्कार कोणी केले यावर आज वाद आहेत, आणि ते कडवट आहेत; पण तो वाद मानाचा आहे, ‘ते आम्ही केले’ असे सांगण्याचा आहे. ज्या मृताची आठवण स्वतःकडे ठेवायला माणसे अशी पुढे येतात, त्याला रात्री-अपरात्री दार वाजवण्याची गरज उरत नाही.

इथून तासाभराच्या वाटेवर पुण्यात शनिवारवाडा आहे. तिथे ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला. ते जेमतेम अठरा वर्षांचे होते. त्यांची “काका, मला वाचवा” ही हाक अजून ऐकू येते, असे पुण्याच्या कितीतरी पिढ्या सांगत आल्या. या खुनाची चौकशी झाली नव्हती असे मात्र नाही. रामशास्त्री प्रभुणे यांनी ती केली, राघोबादादांना दोषी ठरवले, आणि त्यांच्या राज्यात राहणे नको म्हणून पद सोडले. निकाल लागला, पण त्याची बजावणी करील असा हात नव्हता. दादांची पेशवाई गेली; शिक्षा म्हणावी अशी झाली नाही, आणि १७८३ साली ते कोपरगावी वारले. लोकांनी मग दोन गोष्टी केल्या. एक, वाड्यातली ती हाक जिवंत ठेवली. दुसरी, ‘ध’चा ‘मा’ केल्याची दंतकथा रचून सगळा दोष आनंदीबाईंच्या एका अक्षरावर ठेवला. भुताच्या गोष्टीचे दोन्ही गुण या एका वाड्यात दिसतात: ती अन्याय विसरू देत नाही, आणि त्याच दमात अन्यायाचे ओझे जवळच्या एखाद्या बाईच्या डोक्यावर ठेवून मोकळी होते.

ही झाली राजवाड्यांची गोष्ट. आता एका साध्या विहिरीची सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका जिल्ह्यात नोकरीला असताना पाहिलेली हकीकत आहे. गावाचे नाव सांगण्याचे कारण नाही. दहावीत शिकणाऱ्या एका मुलीची थोरली बहीण सासरच्या विहिरीत बुडून गेली. पाय घसरला, असे सांगण्यात आले. मागे तान्हे मूल होते. ते सांभाळायला सख्खी मावशीच बरी, म्हणून धाकटीला त्याच घरी द्यायचे घाटत होते. सुपारी फुटायच्या आठवड्यात धाकटीच्या अंगात आले. घोगऱ्या आवाजात ती थोरलीच्या नावाने बोलू लागली, “विहिरीचं पाणी लई गार हाय. हिला तिथं धाडू नका.” घरच्यांनी देवऋषी आणला. त्याने लिंबू कापले, कोंबडी मागितली, आणि मुलीला मिरचीची धुरी द्यायला सुरुवात केली.

उपकेंद्रातल्या नर्सबाईंना कळले तशा त्या आल्या. त्यांनी पहिल्यांदा धुरी विझवायला लावली. मग त्या मुलीशेजारी जमिनीवर बसल्या. भूत आहे असे त्या म्हणाल्या नाहीत, नाही असेही म्हणाल्या नाहीत. “सांग बाई, तुझं काय म्हणणं आहे?” एवढेच विचारले आणि तासभर ऐकत राहिल्या. उठताना आईला म्हणाल्या, “थोरली काय म्हणते ते ऐकलंत ना? मग सुपारी फोडू नका.” सुपारी राहिली. आठ दिवसांनी मुलगी औषधाला उपकेंद्रात गेली तेव्हा नर्सबाईंनी तिला पायरीवर बसवले आणि सांगितले, “आता ताईला बोलावत जाऊ नकोस. जे म्हणायचं ते तुझ्या तोंडाने म्हण. मी आहे.” हे त्यांनीच मला पुढे सांगितले. मुलगी परीक्षेला बसली. त्या सासरच्या गावात मात्र विहिरीवर हडळ दिसते अशी बोलवा उठली, आणि दिवेलागणीनंतर बायका तिथे पाण्याला जाईनाशा झाल्या. ती पोर घसरून पडली की आणखी कशी, हे त्या गावात कोणीच कोणाला विचारले नाही.

विहिरीवर हडळ आहे असे म्हणणे सोपे असते. विहिरीत ती गेली कशी, हे विचारणे अवघड. गावाला मनातून शंका असते, पण ती उघड बोलण्याची छाती नसते. मग गाव तीच शंका हडळीच्या रूपाने बोलते. न नोंदवलेली फिर्याद अशी हवेत तरंगत राहते. आणि इथेच माझा मुद्दा येतो. त्या विहिरीवर जाऊन, रात्रभर पहारा करून, ‘पाहा, काही नाही’ असे सिद्ध करणारा माणूस खरेच बोलतो. पण तेवढेच बोलून तो परतला तर अपराध्याची त्याने सोय केली. मंत्राने विहीर बांधणारा मांत्रिकही तीच सोय करतो. एक म्हणतो भूत नव्हतेच, दुसरा म्हणतो भूत होते ते घालवले. फिर्याद दोघांनीही बुजवली.

‘काही नाही’ म्हणून उठून जाणे किती धोक्याचे असते, याचे एक परदेशातले उदाहरण प्रसिद्ध आहे. विल्मर नावाच्या अमेरिकन नेत्रवैद्याने १९२१ साली वैद्यकाच्या नियतकालिकात एका कुटुंबाची हकीकत छापली. नव्या घरात राहायला गेल्यापासून त्यांना पावले वाजल्याचा भास होई, परकी माणसे दिसत, पोरे फिकुटली, कुंडीतली झाडे वाळली. शेवटी कळले, की घर तापवण्याची भट्टी बिघडून तिचा विषारी धूर खोल्यांत भरत होता. त्यांना कोणी नुसते ‘मनाचे खेळ आहेत, झोपा’ असे सांगितले असते, तर ती माणसे कदाचित कायमचीच झोपली असती. तिथे भूत नव्हते, तरी त्या घरात प्राणावर बेतणारे काहीतरी होते.

आपल्याकडे ही शोधाशोध सर्वांत जिकिरीची झाली ती भानामतीच्या बाबतीत. मराठवाडा, विदर्भ, सोलापूर आणि लागून असलेला कानडी व तेलुगू मुलूख, इथल्या वाचकांना हा शब्द समजावून सांगायला नको. घरावर दगड पडतात, दांडीवरचे कपडे पेटतात, शिजत्या अन्नात घाण पडते, अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उमटतात. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली. तिच्या कार्यकर्त्यांनी अशी कितीतरी घरे पाहिली. त्यांची रीत साधी आहे. घरच्यांना धीर द्यायचा, मांत्रिकाला बाजूला सारायचे, प्रत्येकाशी एकेकट्याने बोलायचे, कोण कुठे असताना काय घडते याची नोंद ठेवायची. बिब्ब्याच्या रसाने कातडी भाजते आणि कपडा आपोआप पेटत नाही, हे एकदा ध्यानात ठेवले, की शोध आकाशातून घरातल्या माणसांवर उतरतो. बहुतेक वेळा करणारे माणूस घरातलेच निघते, आणि ते बहुधा घरात ज्याचे काही चालत नाही असेच असते: सासुरवाशीण, वयात आलेली मुलगी, कोणाच्या तरी आश्रयाला राहिलेले पोर.

नंतर ते कार्यकर्ते जे करतात ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. ते त्या माणसाला खाजगीत विश्वासात घेतात, प्रकार थांबवायला लावतात, जमेल तर त्याचे दुःख हलके करतात. आणि गावाला सांगतात, की ही भानामती नव्हती, माणसाने केलेली गोष्ट होती, आता ती होणार नाही. नाव सांगत नाहीत.

वाचकांपैकी एखादा इथे मला अडवील. सत्य शोधायला निघालेल्या माणसाने सत्य झाकून ठेवणे हा अप्रामाणिकपणा नव्हे काय? घरच्यांनी महिना-दोन महिने जीव मुठीत धरून काढले, कपडे जळाले, मांत्रिकावर पैसा गेला. कोणी केले हे कळण्याचा त्यांना हक्क नाही काय? आक्षेप हलका नाही. मी त्यावर असा विचार करतो. घडलेल्या गोष्टीचे कारण दैवी नव्हते, हे सत्य सगळ्या गावाचे आहे. ते कोणीही लपवू नये, कारण ते लपले तर पुढच्या घरात पुन्हा कोंबडी कापली जाईल. पण एखाद्या सुनेने बिब्बा का उगाळला, हे सत्य आधी तिचे आहे. ते चावडीवर मांडले तर गावाच्या ज्ञानात काडीची भर पडत नाही, आणि तिचे आयुष्य मात्र त्या दिवशी संपते. अंगात आलेल्या बाईपुढे सासूही हात जोडते. तीच बाई सोंग करत होती असे कळले, तर तेच हात तिच्यावर उठतात. ज्या सत्याची किंमत सगळ्यांत दुबळ्या माणसाने एकट्याने मोजायची, ते सांगण्याआधी दहादा थांबावे. मात्र दगडामागे कोणाचा खून किंवा कोणाचा छळ दडला असेल, तर मौन पाळण्याचा हक्क शोधणाऱ्याला नाही. दुःख झाकावे, गुन्हा झाकू नये. आणि या दोहोंतला फरक ओळखणे हीच त्याची खरी परीक्षा आहे.

नर्सबाईंचे काय? त्या खोटे बोलल्या का? कठोर बुद्धिवादी म्हणेल, की त्यांनी भुताच्या तोंडचे मानून घेतले, अंधश्रद्धेच्याच काठीने साप मारला. यात तथ्य आहे. त्या तेवढ्यावर थांबल्या असत्या, तर पुढच्या खेपेला स्वतःचे म्हणणे मांडायला त्या मुलीला पुन्हा एक मेलेली बहीण लागली असती. पण आठ दिवसांनी पायरीवर त्यांनी तिला जे सांगितले, ते मला पुऱ्या सत्याचे बोलणे वाटते. घर पेटलेले असताना आधी माणूस बाहेर काढावा, आग कशी लागली ते मागून सांगावे. सांगावे मात्र नक्की.

सत्याला इतके जपून का वापरायचे, हे ज्यांना पटत नसेल त्यांनी सातपुड्याकडे, नंदुरबार-धुळ्याच्या डोंगरपट्ट्यात काय घडत आले ते पाहावे. तिथे एखाद्या बाईला ‘डाकीण’ ठरवले, की तिला मारहाण होते, गावाबाहेर काढतात, काही बायकांचा जीवही गेला आहे. भूत पिंपळावर असते तोवर ते कोणाचे फारसे बिघडवीत नाही. त्याला जिवंत माणसाच्या घराचा पत्ता मिळाला, की अनर्थ सुरू होतो. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात पुलावर सकाळी फिरायला निघालेल्या डॉ. दाभोलकरांची गोळ्या घालून हत्या झाली. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षे झटले, त्याचा वटहुकूम त्यानंतर काही दिवसांतच निघाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात कायदा झाला. तो भुतावर विश्वास ठेवायला बंदी करीत नाही. भुताची गोष्ट सांगायलाही करीत नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला साखळीने बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे, छताला टांगणे, याला तो गुन्हा ठरवतो. मेलेल्यांच्या भानगडीत न पडता तो जिवंतांचे अंग राखतो. दुसरा एक नियम मला याच कुळातला वाटतो. लग्नाला सात वर्षे होण्याआधी विवाहितेचा संशयास्पद मृत्यू झाला, तर शवविच्छेदन व्हावे, अशी तरतूद १९८३ साली फौजदारी कायद्यात आली. विहिरीवरच्या हडळीला कायद्याने दिलेले ते उत्तर आहे, असे मी समजतो.

मग भुताच्या गोष्टी सांगायच्या की नाही? कादंबरीकार म्हणून माझे पोट अंशतः त्यावर चालते, तेव्हा माझ्या मताला थोडी सूट देऊनच ते ऐकावे. सांगाव्यात. अंधारात एकमेकांना खेटून बसलेल्या पोरांनी अंगावर शहारा आणून घेण्यात पाप नाही. मी फक्त एक कसोटी लावतो. गोष्ट ऐकून पोराने आईचा पदर धरला तर ती चांगली गोष्ट. गोष्ट ऐकून त्याने शेजारच्या एकट्या म्हातारीच्या दारावर धोंडा मारला, तर ती गोष्ट विषारी, मग ती कितीही रंगतदार असो.

वर्गातल्या त्या प्रश्नाला हल्ली मी थोडे लांब उत्तर देतो. भुते नसतात, बाळांनो. पण कोणी म्हणाले, की अमक्या वाड्यात रात्री रडणे ऐकू येते, तर हसू नका आणि पळूही नका. त्या वाड्यात कोण राहते ते विचारा. तिथे कोणी आजारी आहे का, कोणाला कोंडून ठेवले आहे का, कोणी अवेळी गेले होते का आणि ते कसे गेले, हे वडीलधाऱ्यांना विचारा. ते म्हणतील, ‘गप बस, नको त्या चौकशा करू नकोस.’ ज्या ठिकाणी हे उत्तर सगळ्यांत मोठ्याने मिळेल, तिथे दिवसाउजेडी, दोघे-तिघे मिळून, पुन्हा जा.